ग्लेझमधली विषारी द्रव्ये: भुकटीपासून ताटापर्यंत कशी सांभाळायची

पॉटरी शिकायला लागले की पहिल्या काही महिन्यांतच एक प्रश्न हमखास पडतो: "हे ग्लेझ फूडसेफ आहे का?" ग्लेझ म्हणजे भांड्यावर लावून भाजायचा काचेसारखा लेप. प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. ग्लेझची भुकटी हाताळणाऱ्याला काय धोका आहे, हा एक. भाजून तयार झालेल्या भांड्यातून जेवणात काय उतरते, हा दुसरा. पहिला धोका मुख्यतः श्वासावाटे येतो, दुसरा पोटावाटे. सिलिका डब्यात असताना फुफ्फुसांची वैरीण असते, पण नीट वितळून काच झाली की तिच्यापासून कसलाच त्रास नाही. कॉपर कार्बोनेटचे बरेचसे उलटे आहे. मास्क लावून हाताळले तर फारशी काळजी नसते, पण चुकीच्या ग्लेझमध्ये गेले तर लिंबाच्या रसातही उतरते. शिसे दोन्ही बाजूंनी घातक.

म्हणून "अमुक द्रव्य विषारी आहे का" असे विचारून काम भागत नाही. ते कुठल्या रूपात आहे, किती आहे आणि कुठल्या वाटेने शरीरात जाऊ शकते, हे पाहावे लागते. स्वतः ग्लेझ मिसळायला सुरुवात करणाऱ्यांसाठी आणि तयार ग्लेझ वापरणाऱ्यांसाठीही, कामाच्या क्रमानेच पुढे जाऊ.

१. आधी कपाट रिकामे करा

स्टुडिओतली प्रत्येक पिशवी, डबा, बरणी टेबलावर आणा आणि लेबल वाचा. रासायनिक नाव हवे. "मॅट ब्लू" किंवा "वन-टू-थ्री ट्रान्सपरंट" हे दुकानदाराचे नाव झाले, त्यातून आत काय आहे ते कळत नाही. दुकानदाराकडे एमएसडीएस, म्हणजे त्या मालाचे सुरक्षा-पत्रक मागा. आपल्याकडे सुटा माल विकणारे अनेकजण ते स्वतःहून देत नाहीत, पण मागितल्यावर उत्पादकाकडून आणून देतात. मागूनही जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेबल नसलेली भुकटी रंगावरून ओळखायला जाऊ नका. व्हायटिंग, चिनीमाती, टाल्क, झिंक ऑक्साइड, लिथियम कार्बोनेट आणि बेरियम कार्बोनेट शेजारी शेजारी ठेवली तर सगळी पांढरी आणि मऊ दिसतात. यातले बेरियम कार्बोनेट उंदीर मारायला वापरले गेलेले विष आहे आणि दिसायला ते थेट मैद्यासारखे असते. ग्लेझचे सामान स्वयंपाकघराच्या कपाटात, जुन्या पिठाच्या किंवा साखरेच्या डब्यात कधीच ठेवू नये, ते यासाठीच. नाव माहीत नसलेली पिशवी "अज्ञात" असे लिहून बाजूला ठेवा.

मग तीन ढीग करा.

पहिला ढीग स्टुडिओबाहेर काढायचा. यात शिशाचे सगळे प्रकार येतात: रेड लेड, लिथार्ज, व्हाइट लेड आणि लेड फ्रिट, म्हणजे शिसे आधीच वितळवून काच करून दळलेली भुकटी, तीसुद्धा. शेंदूर म्हणून मिळणारी केशरी भुकटी अनेकदा रेड लेडच असते, त्यामुळे कुणी पारंपरिक कृतीत शेंदूर सांगितला तर तिथेच थांबा. शिसे कमी तापमानाला वितळते आणि सुरेख, खोल चकाकी देते. शेकडो वर्षे कुंभारांना त्याचा मोह पडला तो याच गुणामुळे. पण त्याची किंमत फार मोठी होती. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरच्या कारखान्यांत ग्लेझच्या हौदात भांडी बुडवणारे कामगार शिशाच्या विषबाधेने अपंग झाले आणि मेले. अखेर १९४७ साली नियम करून तिथल्या कारखान्यांना शिसेविरहित किंवा अगदी कमी विरघळणाऱ्या ग्लेझपुरते बांधून घातले गेले. खाणाऱ्या-पिणाऱ्यांचेही तेच. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये मातीच्या ग्लेझ केलेल्या जगमध्ये साठवलेला सफरचंदाचा रस पिऊन एक लहान मूल शिशाच्या विषबाधेने दगावले. हे प्रकरण १९७० साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर भांड्यांतल्या शिशाकडे जगभर गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित मानली जात नाही.

"फ्रिट केलेले शिसे काचेत बंद असते, म्हणून चालते" असे सांगणारे भेटतात. फ्रिटमुळे भुकटी हाताळणाऱ्याचा धोका कमी होतो, एवढेच खरे आहे. भाजल्यानंतर ते शिसे ग्लेझमध्ये किती घट्ट धरले जाईल, हे बाकीच्या मिश्रणावर आणि भाजणीवर ठरते. त्यात तांबे घातले तर शिसे बाहेर पडण्याचे प्रमाण खूपच वाढते. हिरवे चकचकीत लेड ग्लेझ हा या कारणाने सगळ्यात वाईट मेळ आहे. आज बोरॉनच्या फ्रिट सहज मिळत असताना नवशिक्याने शिशाला हात लावावा असे एकही कारण मला दिसत नाही.

पोटॅशियम डायक्रोमेट हे कर्करोगकारक द्रव्य आहे, तेही याच ढिगात जाते. सुटे कॅडमियम आणि व्हॅनेडियम पेंटॉक्साइडही. कॅडमियमचे लाल-केशरी रंग हवे असतील तर झिर्कॉनच्या आवरणात बंद केलेले तयार स्टेन, म्हणजे आधीच भाजून दळलेली रंगाची भुकटी, घ्या. मात्र ते कधी बॉल मिलमध्ये दळू नका. दळले की आवरण फुटते आणि आतले कॅडमियम उघडे पडते.

दुसरा ढीग कुलपात ठेवायचा. बेरियम कार्बोनेट, मँगनीज डायऑक्साइड, निकेलचे ऑक्साइड, क्रोम ऑक्साइड, कोबाल्ट, लिथियम कार्बोनेट आणि तांब्याची संयुगे यात आली. ही वापरता येतात, पण मोजून, मास्क लावून आणि ती कशासाठी घालतो आहोत हे माहीत असताना. निकेल आणि कोबाल्टमुळे काहींच्या त्वचेवर ॲलर्जी उठते. मँगनीजची धूळ किंवा धूर वर्षानुवर्षे श्वासात गेला तर कंपवातासारखा आजार होतो. बेरियम पोटातल्या आम्लात विरघळते आणि रक्तातले पोटॅशियम इतके खाली नेते की स्नायू लुळे पडतात. एक्स-रे काढताना पाजतात ते बेरियम सल्फेट. ते विरघळत नाही म्हणून चालते. "बेरियम तर डॉक्टरच देतात" हा युक्तिवाद बेरियम कार्बोनेटला लागू होत नाही.

बेरियमच्या जागी पुष्कळ कृतींत स्ट्राँशियम कार्बोनेट चालते. वजनाने साधारण पाऊणपट घ्यायचे, म्हणजे १०० ग्रॅम बेरियमऐवजी ७५ ग्रॅम स्ट्राँशियम. तांब्यासोबत बेरियम जो भडक निळा मॅट देते तो हुबेहूब मिळणार नाही, पण ताट-वाटीवर तो रंग नसला तरी काही बिघडत नाही.

तिसरा ढीग रोजचा: क्वार्ट्झ, फेल्डस्पार, चिनीमाती, व्हायटिंग, टाल्क, बोरॉन फ्रिट, झिंक, टिन, आयर्न ऑक्साइड. नावे ओळखीची, कुठेही कवटीचे चित्र नाही. तरी पॉटरी करणाऱ्याचे सर्वांत जास्त नुकसान होते ते याच ढिगाने.

२. धूळ, धूळ आणि धूळ

नवीन माणूस कोबाल्टला घाबरतो आणि झाडूला घाबरत नाही. हे बरोबर उलटे व्हायला हवे.

क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, दळून पिठासारखी केलेली. ती चिनीमातीत असते, फेल्डस्पारमध्ये असते, साध्या मातीतही असते. तिचे १० मायक्रॉनपेक्षा लहान कण फुफ्फुसात खोलवर जातात, तिथे अडकतात आणि भोवती व्रण तयार होत राहतात. हाच सिलिकोसिस. तो उलटवता येत नाही. गुजरातेत गोध्र्याच्या परिसरातल्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत काम करून मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर-झाबुआ भागात परतलेले कितीतरी आदिवासी मजूर याच आजाराने गेले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. आपल्या पिशवीत असते ती गारगोटीची भुकटी त्याच जातीची आहे. छंद म्हणून आठवड्यातून दोनदा काम करणाऱ्याला तितका धोका अर्थातच नाही. पण रोज त्याच खोलीत बसणाऱ्याला, स्टुडिओ चालवणाऱ्याला आणि विशेषतः तो स्टुडिओ रोज झाडणाऱ्या मदतनिसाला आहे. मास्क फक्त स्वतःसाठी आणू नका, त्यांच्यासाठीही आणा.

धोकादायक धूळ दिसत नाही. उन्हाच्या तिरिपेत नाचताना दिसतात ते मोठे कण, ते लवकर खाली बसतात. बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात. त्यामुळे भुकटी मोजून झाल्या झाल्या मास्क काढून चहा प्यायला बसणे, हा मास्क न लावण्याचाच प्रकार झाला.

मास्क एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाचा हवा. नेहमी काम करत असाल तर फिल्टर बदलता येणारा रबरी हाफ-मास्क जास्त चांगला. कापडी किंवा सर्जिकल मास्कचा इथे उपयोग नाही. दाढी असेल तर कडा चेहऱ्याला चिकटत नाही आणि सगळी हवा बाजूने आत येते. मास्क लावून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा येत असेल तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबा.

खोलीचे नियम सोपे आहेत, पण रोजचे आहेत. कोरडा झाडू बंद, फरशी ओल्या फडक्यानेच पुसायची. टेबल स्पंजने पुसायचे आणि तो स्पंज वाहत्या नळाखाली नाही, बादलीत पिळायचा. घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो, तेव्हा हेपा फिल्टर नसेल तर तो वापरू नका. सुकलेले कच्चे भांडे सँडपेपरने घासण्यापेक्षा ओल्या स्पंजने फिनिश करा. भाजलेल्या भांड्याचा तळ घासायचा असेल तर पाण्याखाली घासा. ॲप्रन झटकू नका आणि घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

आणि छताचा पंखा. मे महिन्यात मुंबईत पंखा बंद करायला सांगणे जिवावर येते हे मान्य आहे. तरी भुकटी उघडी असेल तेवढा वेळ तो बंदच हवा. पंखा धूळ घालवत नाही, खोलीभर फिरवत ठेवतो. खिडकीत बाहेरच्या बाजूला हवा फेकणारा एक्झॉस्ट असेल तर तो चालू ठेवा.

३. ग्लेझ मिसळताना

कृती कागदावर लिहून समोर लावा आणि घातलेल्या प्रत्येक घटकापुढे खूण करा. मध्येच फोन आला आणि सिलिका घातली की नाही हे आठवले नाही, तर ते ग्लेझ भांड्याच्या आतल्या बाजूसाठी बाद समजायचे. सिलिका राहिली तर काच कमकुवत होते आणि ते नुसते बघून कळत नाही.

टेबलावर ओले फडके अंथरा. आधी बादलीत पाणी, मग त्यात भुकटी, उलटे कधीच नाही. पिशवी दातांनी किंवा हिसका देऊन फाडू नका. कात्रीने कोपरा कापा, तोंड दुमडा आणि आतली भुकटी चमच्याने काढा. वजनकाट्यावरचे भांडे बादलीच्या काठाला टेकवून, पाण्याच्या अगदी जवळ नेऊन, भुकटी हळू सरकू द्या. ती आधी पाण्यावर बेटासारखी तरंगते, कडेने गडद होत जाते आणि मग एकदम बुडते. ढवळायची घाई करू नका. झाकण लावून दोन-तीन तास तशीच भिजू द्या. नंतर ढवळले तर गुठळ्या कमी राहतात आणि धूळही उडत नाही. मग ८० मेशच्या चाळणीतून गाळा. चाळणीवर उरलेला चोथा कोरडा करून झटकू नका, ब्रशने घासून परत बादलीतच घाला.

नायट्राइलचे हातमोजे घाला. बहुतेक ग्लेझ-द्रव्ये अखंड त्वचेतून आत जात नाहीत, पण सोडा ॲश, लाकडाची राख आणि लिथियम त्वचेला चावतात, शिवाय नखांत अडकलेले पुढच्या जेवणात जाते. मिक्सर, चमचे, वाट्या स्टुडिओच्या वेगळ्या ठेवा. घरातला जुना मिक्सर एकदा ग्लेझसाठी गेला की तो परत चटणीसाठी येणार नाही. कामाच्या टेबलावर पाण्याची बाटलीसुद्धा नको.

ग्लेझ फवारायचे असेल तर एक्झॉस्ट असलेला स्प्रे बूथ हवाच. गच्चीवर मास्क लावून फवारणे हा त्याला पर्याय नाही. ढग शेजाऱ्यांकडे जातो.

गरोदर असलेल्यांनी आणि दूध पाजणाऱ्या आईने भुकटी मिसळण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. तयार ओले ग्लेझ ब्रशने लावायला हरकत नाही. मुलांच्या वर्गात भुकटी आणूच नये. परदेशी तयार ग्लेझच्या बाटलीवर "नॉन-टॉक्सिक" लिहिलेले असते त्याचा अर्थ ते रंगवताना मुलांना अपाय करणार नाही, इतकाच. भाजलेल्या भांड्यात जेवता येईल की नाही, ते "डिनरवेअर सेफ" अशा वेगळ्या शब्दांत लिहिलेले असते, आणि तेही सांगितलेल्या तापमानाला भाजले तरच.

४. कृती वाचायला शिका

ग्लेझ म्हणजे काच. सिलिका तिचा सांगाडा उभा करते, ॲल्युमिना तिला घट्ट करते आणि फ्लक्स वितळवते. सांगाडा भक्कम असेल तर आतले रंगद्रव्य आत राहते. सिलिका आणि ॲल्युमिना कमी, फ्लक्स जास्त, अशी कृती दिसायला आकर्षक असू शकते, पण आम्लापुढे टिकत नाही. इंटरनेटवर मिळणाऱ्या कृतींत चिनीमाती आणि क्वार्ट्झ दोन्ही नावालाच दिसले, तर ते ग्लेझ फुलदाणीला ठेवा.

दुसरी गोष्ट रंगद्रव्याचे प्रमाण. साखरेच्या पाकात जशी ठरावीकच साखर मावते आणि उरलेली खडे धरते, तसे वितळलेल्या काचेत ठरावीकच तांबे किंवा मँगनीज मावते. जास्तीचे पृष्ठभागावर येऊन बसते. कॉपर कार्बोनेट ५ टक्क्यांच्या पुढे गेले आणि हिरव्याऐवजी काळपट, धातूसारखी झाक आली, तर ती हीच गोष्ट सांगत असते. मँगनीजने भरलेली सोनेरी-ब्राँझ ग्लेझ फार सुंदर दिसतात. ती खाण्याच्या भांड्यावर नकोतच, आणि भट्टीतही त्यांचा धूर वाईट असतो.

तिसरी गोष्ट भाजणी. कोन म्हणजे ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारा छोटा सुळका, त्याच्या क्रमांकावरून भाजणी मोजतात. कोन ६ ची कृती म्हणजे साधारण १२२० अंश सेल्सिअस. तीच ११८० ला भाजली तर मॅट दिसते. "वा, छान मॅट आले" म्हणून लोक खूश होतात. पण न वितळल्यामुळे आलेला मॅट आणि थंड होताना स्फटिक धरून आलेला खरा मॅट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात द्रव्ये अर्धीकच्ची राहिलेली असतात. शंका असेल तर तोच तुकडा एक कोन वर भाजून बघा. मॅट जाऊन चकाकी आली, तर आधीचा मॅट कच्चेपणाचा असण्याची शक्यता जास्त. प्रत्येक भाजणीत वरच्या आणि खालच्या शेल्फवर साक्षीदार कोन ठेवा. कंट्रोलरचा आकडा भट्टीच्या एका कोपऱ्याचे तापमान सांगतो, भांड्याचे नाही.

क्रेझिंग, म्हणजे ग्लेझला पडलेल्या केसासारख्या भेगा. ग्लेझ आणि माती एकमेकांशी जुळत नाहीत असा त्याचा अर्थ. नव्या भेगांत हळद आणि तेल जाऊन बसते, खालची माती सच्छिद्र असेल तर ओलावा आत मुरतो आणि भांडे कमकुवत होते. रोजच्या वापराला ते नको.

५. भट्टी पेटल्यावर

भट्टीतून काय उडते याचा पुरावा हवा असेल तर टिनच्या पांढऱ्या ग्लेझच्या भांड्याशेजारी क्रोमच्या हिरव्या ग्लेझचे भांडे ठेवून भाजा. पांढऱ्या भांड्याच्या त्या बाजूला गुलाबी डाग येतो. क्रोम वाफ होऊन शेजारी जाऊन बसलेला असतो. भट्टीबाहेर गळणाऱ्या हवेतही तोच असतो.

तांबे आणि मँगनीजही उडतात. मातीतले सेंद्रिय पदार्थ जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही. गंधकाचा वायू निघतो, त्याला वास असतो. म्हणून विजेची भट्टी झोपायच्या खोलीत किंवा बंद बाल्कनीत नको. तिथे बाहेर फेकणारा एक्झॉस्ट आणि हवा आत यायला दुसरी वाट, दोन्ही हवेत. भाजणी सुरू असताना त्या खोलीत बसून काम करू नका आणि पीपहोलला, म्हणजे भट्टीत डोकावायच्या भोकाला, नाक लावून बघू नका.

जुनी भट्टी विकत घेत असाल तर तिच्यात आधी काय भाजले ते विचारा. शिशाची ग्लेझ भाजलेल्या भट्टीच्या विटांत आणि शेल्फमध्ये शिसे मुरलेले असते आणि ते पुढच्या भांड्यांवर येऊ शकते. शेल्फ तरी नवे घ्या आणि पहिल्या काही भाजण्यांतले भांडे लॅबमध्ये तपासा.

६. चाचणी: आधी घरी, मग लॅबमध्ये

आपल्या स्वयंपाकघरात आंबट कमी नाही. चिंचेचा कोळ, कोकमाचे आगळ, ताक, लिंबाचे लोणचे, टोमॅटोचे सार. आम्ल, वेळ आणि उष्णता हे तिन्ही एकत्र आले की कमकुवत ग्लेझमधून धातू बाहेर ओढले जातात. वाटीत दहा मिनिटे सोलकढी ठेवणे वेगळे आणि बरणीत वर्षभर लोणचे मुरवणे वेगळे. कारखान्यात उच्च तापमानाला भाजलेली तपकिरी-पांढरी बरणी आणि तुम्ही पहिल्या वर्षी केलेली बरणी यांना एका रांगेत बसवू नका. लोणच्याच्या बरणीची परीक्षा सर्वांत कडक असते.

घरी हे करा. त्याच ग्लेझच्या, त्याच भाजणीच्या दोन पट्ट्या घ्या. एक बाजूला ठेवा. दुसरी काचेच्या ग्लासात पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धी बुडेल अशी उभी ठेवा आणि वरून झाकण लावा. दुकानातल्या व्हिनेगरमध्ये सुमारे ४ टक्के ॲसेटिक आम्ल असते, लॅबमध्येही तेवढेच वापरतात. तीन दिवसांनी काढा, धुवा, सुकवा आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरून बघा. बुडालेल्या भागाचा रंग उतरला आहे का? चकाकी मंदावली आहे का? बोट फिरवल्यावर रेषेपाशी फरक जाणवतो का? ग्लासातले व्हिनेगर पांढऱ्या कागदावर धरून त्यात निळसर-हिरवट झाक आहे का तेही पाहा. यातले एक जरी झाले तर ते ग्लेझ खाण्याच्या बाजूला लावू नका.

साबण आणि डिशवॉशरसाठी दुसरी चाचणी: एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम धुण्याचा सोडा घालून पट्टी दोन-तीन तास मंद उकळवा. भांडे स्टीलचे घ्या, ॲल्युमिनियमला सोडा खातो. त्या भांड्यात पुन्हा स्वयंपाक करू नका.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. घरच्या चाचणीत नापास झालेले ग्लेझ नक्की नापास. पण पास झालेले ग्लेझ नक्की पास असे नाही. शिसे आणि बेरियम बाहेर पडताना रंग बदलत नाहीत, व्हिनेगर स्वच्छच दिसते. शिसे ओळखणाऱ्या रंग बदलणाऱ्या काड्या मिळतात, त्याही थोडे शिसे असेल तर चुकतात.

म्हणून भांडी विकणार असाल, किंवा ग्लेझमध्ये बेरियम, मँगनीज, लिथियम यांपैकी काही असेल, तर एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबकडे प्रत्यक्ष भांडे पाठवा. भांड्यात ४ टक्के ॲसेटिक आम्ल भरून साधारण २२ अंशाला २४ तास ठेवतात आणि त्यात उतरलेले धातू मोजतात. शिसे आणि कॅडमियम नेहमीच्या तपासणीत असतात. बाकीचे धातू आपण नावे देऊन मागायचे असतात. आपल्या ग्लेझमध्ये जे घातले आहे ते मागा.

आकडे वाचताना संदर्भ हवा. अमेरिकेत कप आणि मगसाठी शिशाची मर्यादा दर लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे, सपाट ताटांसाठी ३. युरोपात १९८४ पासून चालत आलेल्या निर्देशानुसार वाटी-वाडग्यांसारख्या भांड्यांसाठी शिसे ४ आणि कॅडमियम ०.३ मिलिग्रॅम आहे. तुम्ही शिसे घातलेच नसेल तर तुमच्या अहवालात ते या मर्यादांच्या कितीतरी खाली यायला हवे. मर्यादेच्या जवळपास आले तर ते कुठून आले हे शोधा: फ्रिट, स्टेन की भट्टी? बेरियमसाठी भांड्यांचे असे सरसकट आकडे नाहीत, तेव्हा मी पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाकडे बघते. तिथे बेरियम लिटरला ०.७ मिलिग्रॅम आहे. ही कसोटी कडक आहे, आणि मला ती तशीच हवी आहे.

लॅबला कुठले भांडे पाठवायचे? सर्वांत सुंदर नाही. भट्टीच्या सर्वांत थंड कोपऱ्यात भाजलेले, ग्लेझ सर्वांत जाड बसलेले. ते पास झाले तर बाकीचे होतील. फ्रिट, माती किंवा भाजणी बदलली की अहवाल जुना झाला.

७. कुठे काय लावायचे

नवीन माणसाने पहिल्या दिवसापासून हा एक नियम पाळला तर अर्धी काळजी मिटते: जेवण किंवा ओठ लागतो तिथे तपासलेले पारदर्शक किंवा पांढरे लायनर ग्लेझ, रंगद्रव्याशिवाय. वाडग्याचा आतला भाग आणि काठाची वरची दोन सेंटिमीटर पट्टी यात येते. प्रयोग सगळे बाहेरून. तांब्याचा हिरवा, मँगनीजचा ब्राँझ, बेरियमचा निळा यांना फुलदाणी, दिवा, भिंतीवरची टाइल अशी खूप जागा आहे.

सोनेरी लस्टर आणि ग्लेझवर चिकटवायचे रंगीत डेकल ७०० ते ८०० अंशांच्या आसपास भाजतात, म्हणजे ते ग्लेझच्या वर बसतात, आत जात नाहीत. ताटाच्या मध्यभागी, जिथे चमचा रोज घासतो तिथे ते लावू नका.

शोभेची वस्तू विकताना तळाशी "फक्त शोभेसाठी" असे ऑक्साइडने लिहा आणि तोंडी सांगा. लेबल निघून जाते. शक्य असेल तर तळाला एक भोक पाडा, म्हणजे पुढे कुणी त्यात दही लावणार नाही. बाजारातून घेतलेली कमी तापमानाला भाजलेली रंगीत चकचकीत भांडी, जयपूरची ब्लू पॉटरी असो की जुन्या बाजारातली विलायती ताटे, शिसेमुक्त असल्याचा अहवाल समोर येत नाही तोवर भिंतीवर किंवा कपाटातच ठेवा. बिनग्लेझच्या साध्या माठाला हा प्रश्न लागू नाही.

८. उरलेल्या गाळाचे काय

ग्लेझ मोरीत ओतू नका. पाइपही तुंबतो आणि धातू गटारातून पुढे जातात. हात, ब्रश, चाळण्या सगळे एका मोठ्या बादलीत धुवा. दोन दिवसांत गाळ तळाशी बसतो. वरचे नितळ पाणी पुन्हा धुवायलाच वापरा. गाळ जमला की तो गाळून मिश्र ग्लेझ म्हणून फुलदाणीच्या बाहेरच्या बाजूला वापरता येतो. त्यात काय काय आहे हे कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून भांड्याच्या आत कधीच नाही. वापरायचा नसेल तर बिस्क केलेल्या, म्हणजे ग्लेझ न लावता एकदा भाजलेल्या, जाड वाडग्यात भरा, पूर्ण सुकू द्या आणि नेहमीच्या ग्लेझ भाजणीत खाली जुन्या शेल्फचा तुकडा ठेवून भाजून काढा. तयार झालेला काचेचा गोळा गाळासारखा धूळ होऊन उडत नाही.

शिसे, डायक्रोमेट आणि कॅडमियमच्या जुन्या पिशव्यांना मात्र हा उपाय चालत नाही, त्या भट्टीत घालू नका. दुहेरी पिशवीत बंद करून, नाव लिहून, घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच द्या. आणि पूर्वी शिशाचे काम केले असेल, किंवा वर्षानुवर्षे धुळीच्या स्टुडिओत बसत असाल, तर डॉक्टरांना आपला व्यवसाय नीट सांगा. "पॉटरी करते" एवढे पुरत नाही. "गारगोटीची भुकटी हाताळते, आधी शिशाचे ग्लेझ वापरले आहे" असे सांगा. त्यावरच रक्तातले शिसे तपासायचे की छातीचा एक्स-रे काढायचा, हे ते ठरवू शकतात.